काळी चारची पट्टी

देवासमोर गायला मी कधी भ्याले नाही. भ्याले ते देवासमोर बसलेल्या माणसांना. साखरा गावातल्या आमच्या घरी बाबा ओट्यावर पेटी घेऊन बसायचे आणि मी ज्वारी निवडता निवडता गायची, तेव्हा गळा असा मोकळा सुटायचा की बाबा भाता थांबवून नुसते ऐकत बसायचे. पण शेजारची एखादी बाई दाराशी येऊन उभी राहिली की संपलं. हात गार, तोंड कोरडं, छातीत धडधड. बाबा म्हणायचे, होईल सवय. कसली सवय होते! शाळेच्या गॅदरिंगात माझं नाव पुकारलं आणि मी मागच्या मागे घर गाठलं, हे माझ्या वयाच्या बाया अजून हसून सांगतात. हसू द्या. त्यांना काय जातं हसायला.

त्यात माझ्या अंगाची एक खोडी होती. बाईमाणसाची गोष्ट चारचौघांत लिहावी की नाही याचा मी लय विचार केला, पण ती टाळून पुढचं काहीच सांगता येत नाही, तर लिहिते. गायचा प्रसंग आला आणि मनानं धसका घेतला, की माझी पाळी तारखेच्या आधीच येऊन बसायची. मावसबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायची ठरली होती, आली. गावात सप्ताह बसला, बाबांनी माझा एक अभंग ठरवला, आली. आई म्हणायची, तुझी पाळी तुझ्यावर डोळा ठेवूनच असते बघ. आणि पाळी आली की देवाचं गाणं बंद. मग घरात कडेला बसून दुसऱ्याचं ऐकायचं.

बाबांनी माझा आवाज काळी चारमध्ये लावला होता. पेटीवर ज्या सुराला सा धरून आपण गातो ती आपली पट्टी. बाबांची काळी एक, खालची, पुरुषांची असते तशी. माझी काळी चार, तिच्यापेक्षा बरीच वर. एवढ्या वरून सुरू करून पुन्हा वरच्या सा वर जाऊन थांबायचं म्हणजे गळ्याची परीक्षा असते. मी तिथं सहज जायची. बाबांना त्याचा केवढा अभिमान होता. साऱ्या तालुक्यात अशी काळी चार कुणाची न्हाई, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर मी गप्प.

लग्न होऊन मी हिंगोलीकडच्या गोरेगावला आले ते नव्वद सालानंतर थोड्याच वर्षांनी. सासरी देवीच्या देवळाची सेवा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्या घरची रीत अशी की नवरात्रात घट बसल्यापासून उठेपर्यंत रोज संध्याकाळी, आरतीच्या आधी, घरच्या सुनेनं देवीपुढं उभं राहून पद म्हणायचं. म्हणूनच मला पाहायला आले तेव्हा भाकरी येते का, शिवण येतं का, असलं काहीच विचारलं नाही. एक पद म्हणायला सांगितलं. मी चहा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच म्हटलं. माणसं दिसत नव्हती म्हणून निभावलं. माझ्या सासूबाई बाहेर बसून रडल्या म्हणे. दम्यानं त्यांची ओळ मध्येच तुटायची, आणि आता आपली सुटका झाली असं त्यांना वाटलं असणार.

पहिल्याच नवरात्रात माझी फजिती झाली. पहिल्या माळेला कशीबशी उभी राहिले, दुसऱ्या माळेला पदाचं दुसरं कडवं विसरले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच कावळा शिवला. मागच्या खोलीत वेगळं ताट, वेगळा तांब्या घेऊन बसले. संध्याकाळी देवळातून सासूबाईंचा आवाज येऊ लागला. दोन शब्द म्हणायच्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा म्हणायच्या. आमचे हे पेटीवर त्यांच्यासाठी सूर धरून थांबायचे. मी भिंतीला डोकं लावून ऐकत होते आणि मला इतकी लाज वाटली की त्या रात्री जेवलेच नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे इथंच सांगून ठेवते. नाहीतर वाचणारे लगेच सासूला धरतात. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आधी त्या स्वतः बाजारात जाऊन मेडिकलवाल्याकडून गोळ्यांची पुडी घेऊन आल्या. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. आमच्याकडं यात काही नवल नव्हतं. घरात लग्न निघालं, सत्यनारायण निघाला, महालक्ष्म्या आल्या, की बाया या गोळ्या घेतात. महालक्ष्म्यांच्या वक्ताला तर मेडिकलवाला एकही शब्द न विचारता पुडी काढून द्यायचा. त्या हार्मोनच्या गोळ्या असतात, त्यांनी अंगातलं आणखीही काही हलतं, हे ना त्याला ठाऊक, ना सासूबाईंना, ना मला. सासूबाईंनी माझ्या हातावर गोळी ठेवली, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, “आता निर्धास्त म्हण माय.”

आणि खरंच सांगते, मी निर्धास्त म्हटलं. पहिल्या माळेला उभी राहिले, हात गार पडायची वाट पाहिली, तर हात गरम. समोर बाया, पोरं, बाजारातले दुकानदार, सगळे बसलेले. माझी नजर सगळ्यांवरून फिरली आणि छातीत काहीच झालं नाही. ह्यांनी काळी चार दाबली आणि मी पद उचललं. वरच्या सा वर गेले आणि तिथं थांबले, पाहिजे तेवढी थांबले. खाली बसलेल्या एका म्हातारीनं तिथल्या तिथं हात जोडले. त्या नवरात्रात एकही माळ चुकली नाही. दसऱ्याला बाबा साखऱ्याहून जीपनं आले, देवळात खांबाला टेकून बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला माणसांसमोर गाताना ऐकलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

आज विचार केला की बराबर कळतं. मला माणसांची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्या अंगाच्या खोडीची होती. गोळीनं खोडी थांबली, म्हणून मन शांत झालं. एवढं साधं होतं. पण तेव्हा कोण सांगणार? मी समजले, धीर गोळीतच आहे.

मग काय, गाणं आलं की गोळी आली. नवरात्र तर झालंच. पुढं गोरेगावच्या बायांचं भजनी मंडळ निघालं, हिंगोलीला भजनाच्या स्पर्धा सुरू झाल्या, वारंगा फाट्यावर एका मोठ्या दुकानाच्या उद्घाटनाला बोलावणं आलं. तिथं कुठं देऊळ होतं? पाळी असली काय आणि नसली काय, कोण विचारणार होतं? पण मी आठवडाभर आधीपासून गोळी सुरू करायची. ह्यांनी एकदा विचारलं, आता काहून घेतीस? मी म्हटलं, मला त्यानं भ्या वाटत नाही. त्यांनाही माझ्या गाण्याचा आनंदच होता, आणि गोळी घेऊन बायको आनंदानं गाते तर गोळीत वाईट काय, असा कुणीही विचार करील तसा त्यांनी केला.

हळूहळू पाळीविना जाणारे कोरडे दिवस वाढत गेले. दोन गाण्यांच्या मधे गोळी सोडावी असं वाटेना, कारण सोडली की ती खोडी केव्हा डोकं काढील याचा नेम नाही. ओठावर लव दाट झाली. चेहऱ्यावर कॉलेजच्या पोरीसारख्या पुटकुळ्या आल्या. भजनी मंडळातल्या बाया चिडवायच्या, वयात येऊन राहिली का काय गं पुन्हा. मीही हसायची. आवाजाबद्दल तर लोक कौतुकच करायचे. म्हणायचे, आवाजाला वजन आलं, आता खरी गायिका वाटते. मला ते ऐकून बरं वाटायचं.

अशात रेडिओचं निघालं. रेडिओवर गायला आधी आवाजाची परीक्षा द्यावी लागते, तिचा अर्ज बाबांनीच मला भरायला लावला होता. बाबांचं सारं आयुष्य रेडिओसमोर गेलेलं. सकाळची भक्तिगीतं ऐकता ऐकता ते दाढी करायचे आणि मधेच वस्तरा थांबवून म्हणायचे की एक दिवस इथं माझ्या लेकीचा आवाज लागणार. त्या परीक्षेच्या तारखेचं पत्र आलं. भीती आता साध्या भजनाची नव्हती, रेडिओची होती, म्हणजे मोठी. मी काय केलं असेल? गोळी दुप्पट केली. ताप जास्त असला की दोन गोळ्या घेतो ना आपण, तसंच.

तारीख कळवायला मी बाजारातल्या फोनच्या दुकानात गेले. साखऱ्यात किराणा दुकानात फोन होता, तिथून कुणीतरी बाबांना बोलवून आणायचं. बाबा आले, हॅलो म्हणाले. मी म्हटलं, ऐकू येतं का, तारीख आली. तर बाबा एकदम अदबीनं बोलायला लागले.

“कोण, जावईबापू का? बोला बोला. लेक बरी हाये ना माझी?”

मी म्हटलं, बाबा, मीच हाये. किराणा दुकानातल्या गिऱ्हाइकांचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. मग बाबांनी विचारलं, सर्दी झाली का? मी म्हटलं, व्हय, सर्दी झाली. आणि फोन ठेवला.

दुकानातून तडक घरी आले, पेटी काढली, ह्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, काळी चार द्या. मी रोज गातच होते, रोज पद पुरं होत होतं, म्हणजे आवाज शाबूत असणारच, फोनच खराब असणार, असं स्वतःला सांगत होते. ह्यांनी भात्यावर हात ठेवला, पण सूर दिला नाही. मी पुन्हा म्हटलं, द्या ना. ते पेटीकडं बघत म्हणाले, “काळी चार सुटून लय दिवस झाले गं. तुला सांगितलं न्हाई.”

त्यांनी मला एकेक सूर खाली उतरवत आणलं होतं. आधी पांढरी पाच, मग काळी तीन, मग आणखी खाली. गाणाऱ्याला तेवढा फरक कळत नाही, वाजवणाऱ्याला कळतो. माझा गळा वर जायला अडखळतोय हे त्यांनी ऐकलं, आणि मला कळलं तर मी पुन्हा भ्यायला लागेन म्हणून मुकाट्यानं पट्टी उतरवली. पुन्हा अडखळले, पुन्हा उतरवली. प्रेमानं केलं हो. मी त्या माणसाला आजवर त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. पण त्या दिवशी मी उठून परसात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही, स्वतःला मात्र फार वेळा विचारला.

हिंगोलीला बायांच्या डॉक्टर होत्या, त्यांना दाखवलं. त्यांनी गोळ्यांचा रिकामा पत्रा पाहिला आणि विचारलं की किती दिवस घेताय. मी सांगितलं. त्यांना वाटलं मूल होत नसेल, किंवा रक्तस्रावाची तकलीफ असेल. मी म्हटलं, नाही, गायला घेते. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्या शांतपणे समजावून सांगू लागल्या. या गोळीतलं हार्मोन काही बायांच्या अंगात थोडं पुरुषाच्या हार्मोनसारखं वागतं. लव वाढते, पुटकुळ्या येतात, आणि खूप दिवस घेतली तर एखादीच्या गळ्यातल्या ताराही जाड होतात. सणावाराला चार दिवस घेणारीचं सहसा काही बिघडत नाही, पण अशी महिनोन्‌महिने कुणी घेत नाही. मी विचारलं, गोळी बंद केली की आवाज परत येईल ना? “लव कमी होईल, पुटकुळ्या जातील,” त्या म्हणाल्या. “आवाज जिथं उतरलाय तिथून वर चढेलच असं मी सांगू शकत नाही.”

गोळी त्याच दिवशी सोडली. रेडिओच्या परीक्षेला तरीही गेले. ह्यांनी विचारलं, जायचंच का? मी म्हटलं, बाबांनी रेडिओत नवे सेल घातलेत, जायचं. आणि अंगाची खोडी बघा, बसमध्येच पाळी आली. रेडिओ केंद्रावर पोचले तर हात गार, तोंड कोरडं, छातीत धडधड, सगळं जुनं परत आलेलं. मला आत बोलावलं. लहानशी बंद खोली, समोर माइक, काचेपलीकडं माणसं. मला वाटलं, आता पळावं. पण पळाले नाही. तशीच थरथरत उभी राहिले, हट्टानं काळी चारच धरली आणि तोंड उघडलं. आणि गाता आलं. भीती होती, पाळी होती, पाय लटपटत होते, आणि तरी गाता येत होतं. दुसरं कडवंही आठवलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे सगळं आधी गेलं पाहिजे, मग गाणं. ते काही जावं लागत नाही. ते शेजारी उभं राहतं आणि आपण गातो.

हे मला कळलं तेव्हा मी वरच्या सा कडं निघाले होते. आवाज तिथं गेलाच नाही. मधेच फाटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. काचेपलीकडच्या बाईंनी गोड बोलून सांगितलं की आवाज बसलाय तुमचा, बरा झाला की पुन्हा या. मी बरं म्हटलं. पुन्हा गेले नाही.

त्यानंतर साखऱ्याला गेले तेव्हा बाबांनी ओट्यावर पेटी काढली, मला बसायला सांगितलं आणि थोडा वेळ माझं बोलणं ऐकत राहिले. मग त्यांनी काळी एक दाबली, स्वतःची पट्टी, आणि म्हणाले, यात म्हणून बघ. मी म्हटलं. बरोबर बसलं. एक ओळ झाली आणि बाबांनी भाता सोडला. त्यांचे डोळे भरून आले होते. “माझा आवाज तुला कशाला दिला असंल देवानं,” म्हणाले, “माझ्याकडं होता की तो.” त्यानंतर बाबांनी रेडिओ लावला तो फक्त बातम्यांपुरता. दोन हजार सालाच्या पुढं काही वर्षं जगले ते.

मी पुष्कळ औषधं केली. ज्येष्ठमध चघळलं, गुळण्या केल्या, एका वैद्याचं कडू चूर्ण वर्षभर खाल्लं. कुणाकुणावर चिडले. मेडिकलवाल्यावर चिडले, पण तो सगळ्यांनाच देत होता. सासूबाईंवर चिडले, पण त्यांनी माझी लाज राखायलाच आणली होती. पाळी असली की देवीपुढं गायचं नाही, या रीतीवर चिडले ते मात्र अजून निवलेलं नाही. देवी स्वतः बाईच आहे ना? तिला कशाचा विटाळ? हे मी मोठ्यानं म्हणत नाही, कारण घर देवळाच्या सेवेवर चालतं. इथं लिहिते.

पुरुषासारखा आवाज घेऊन मला देवीपुढं उभं राहवेना, म्हणून नवरात्रातली पदं एका चुलत जावेनं म्हणायला घेतली. सूर बेताचाच, पण उभी राहते बिचारी. आणि माझं अंग गोळ्या सोडल्यापासून कधी ठिकाणावर आलंच नाही. कधी दोन-दोन महिने काही नाही, कधी थांबता थांबत नाही. शेवटी दोन-चार वर्षं तसंच काढून हिंगोलीला गर्भाची पिशवी काढून टाकली.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा सासूबाई पार थकलेल्या होत्या. दिसायचं कमी, ऐकायला तर फारच कमी यायचं. माझ्या आवाजाचं काय झालं हे घरात कुणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं, त्यांनीच तर पहिली गोळी हातावर ठेवली होती. गळ्याला जरा त्रास आहे, एवढंच त्यांना ठाऊक. त्या चाचपडत माझ्या खाटेजवळ आल्या, बसल्या, माझा हात हातात घेतला. त्यांचा चेहरा आनंदानं उजळला होता.

“आता तुला कसलीच अडचण न्हाई माय,” त्या म्हणाल्या. “आता बारा महिने म्हण देवीपुढं.”

मी व्हय म्हटलं. तेव्हापासून मी रोज देवळात जाते. महिन्याचा एकही दिवस चुकत नाही. नवरात्रात जाऊ पद म्हणते, हे पेटी वाजवतात, आणि मी खांबाजवळ बसून टाळ वाजवते.